व्हर्लिनचं खरं वजन

शनिवारच्या शर्यतीत मेव्हण्याला हरवायचंच, म्हणून माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, सहासष्ट सालच्या गाडीला कलणं रोखणारा दांडा बसवला. तरीही सुटताना गाडी उजवीकडे ओढायची.

"चालकाला सीटवर बसवून दांडा जुळवतात," मेकॅनिक ओरेन म्हणाला. "तू कसा जुळवलास?"

"एकटाच होतो. सीटवर माझ्या वजनाइतकी पोती ठेवली, एकशे ऐंशी पौंडांची."

ओरेन माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्हीच सांगा."

ईस्टरआधीच्या व्रतात मी खोटं बोलत नाही. "दोनशे साठ," मी हळूच म्हणाले.

"देवाला काय माझी गाडी हरवायचीय?" असं पुटपुटत व्हर्लिन आत बसला आणि ओरेनने दांडा पुन्हा जुळवला.

शनिवारी गाडी सरळ सुटली. हरलेल्या मेव्हण्याने गुपित विचारलं, तेव्हा व्हर्लिन पोट आत ओढून म्हणाला, "शास्त्र आहे ते. तुला नाही कळायचं."