दादाचं बोलकं यंत्र

आमचा थोरला भाऊ गेला, पण त्याचा आवाज घरात राहिला. घशाच्या ऑपरेशनआधी दादाने रोजचं बोलणं एका बोलक्या यंत्रात भरून ठेवलं होतं. बटण दाबलं की यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं. मागच्या महिन्यात कंपनीने नवा प्रोग्राम पाठवला, वहिनीने पडद्यावर ‘हो’ दाबलं आणि यंत्राने मान टाकली. टॉवेलात गुंडाळून ती ते माझ्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आली.

“भाऊजी, काहीही करा, पण आवाज वाचवा.”

आमची रीत एकच. काहीही बिघडो, आधी बंद करून चालू करायचं. केलं. पडदा उजळला, थरथरला, विझला. आणि विझता विझता आतून दादा म्हणाला, “नको.”

बटणाला कुणी बोट लावलं नव्हतं. पुन्हा चालू केलं. “नको,” पण या वेळी खरखरत, घशात माती गेल्यासारखं.

“ते बोलतायत,” वहिनी पुटपुटली. “अजून एकदा लावा ना.”

तेवढ्यात माझा भागीदार चष्म्या कॉम्प्युटरमागून ओरडला, “हात काढ, गाढवा! दादाला खातोयस तू!”

“म्हणजे?”

“प्रोग्राम मोठ्या मेमरीच्या मॉडेलचा आहे. उठल्या उठल्या आपलं सामान मेमरीच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात ठेवायला जातो. या यंत्राच्या गल्लीत तेवढी घरंच नाहीत. मग वळून शिरतो पहिल्याच घरात. तिथे दादाचा आवाज आहे. तो तुडवतो, उरलेल्या आवाजाला हुकूम समजून पाळायला जातो, त्यातलाच एखादा तुकडा बाहेर फेकतो आणि कोसळतो. दर वेळी एक घास.”

तरी वहिनीने स्वतःच स्विचवर बोट ठेवलं. “एकदाच. काय सांगतायत ते कळू दे.”

“वहिनी, आत्ता ऐकलंत तर पुढे ऐकायला काही उरायचं नाही.”

मग तिने हात मागे घेतला.

यंत्र चालू न करता आम्ही चिप काढली, आवाज उतरवून घेतला. चष्म्याने प्रोग्राममधला चुकीचा पत्ता सुधारला, आवाज परत भरला. यंत्र मुकाट उठलं. “पाणी दे.” “दिवा राहू दे.” सगळं जागच्या जागी. फक्त पहिल्या बटणावर शब्दच नव्हता. बोलण्याआधी दादाने घेतलेला श्वास तेवढा होता. पुढे शांतता.

“इथे काय होतं?” मी विचारलं.

“अगं,” वहिनी म्हणाली.

आता ती बाकीची बटणं फारशी दाबत नाही. तेच एक दाबते. श्वास येतो. मग ती “आले” म्हणते आणि उठून आतल्या खोलीत जाते.