भाऊजींनी समुद्र बंद पाडला

आमचे संचालक म्हणजे माझे धाकटे दीर. ऑफिसात त्यांना साहेब म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडात भाऊजीच बसलंय, त्याला मी काय करू!

विज्ञान केंद्रात अकरा वर्षं मी समुद्र चालवते. वीस फूट लांब काचेची टाकी, आत खारं पाणी. उजव्या टोकाला हीटर, डाव्या टोकाला बर्फ. गार झालेलं खारं पाणी जड होतं, तळाला जातं आणि उजवीकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला वरून गरम पाणी डावीकडे येतं. झाला प्रवाह! गार पाण्यात निळा रंग, गरमात लाल. डाव्या काठावर लाकडी घरांचं गाव आहे, तिथे थर्मामीटर. लाल पाणी पोचलं की गावाला ऊब. लोक आ वासून बघतात.

भाऊजींना मात्र टाकी काढून व्हिडिओचा पडदा लावायचा होता. "वहिनी, जग कुठे चाललंय!" निर्णय केंद्राची समिती घेणार होती. टाकी गेली की माझी रवानगी तिकीट खिडकीवर. तिथे बसून काय माशा मारू?

समिती यायच्या दिवशी टाकीत रंग सोडून मी साडी बदलायला आत गेले, तेवढ्यात भाऊजींना उत्साह आला. मी बर्फ पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवते आणि ट्रे पाण्याला टेकवते. वितळलेला थेंबही टाकीत पडू देत नाही. त्यांना तो माझा चिक्कूपणा वाटला. टाकी नको असली तरी पाहुण्यांपुढे अब्रू हवीच ना! त्यांनी तीन पोती बर्फ थेट पाण्यात ओतला. धन्य ते शहाणपण!

बर्फाचं पाणी गोडं, म्हणून हलकं. ते वरच पसरलं, बुडेचना. प्रवाह ठप्प. समितीच्या अध्यक्ष बाई आल्या तेव्हा निळा रंग रुसलेल्या जावयासारखा जागचा हलत नव्हता. गावाचा पारा भराभर उतरत होता.

"बंद पडलंय का हे?" बाईंनी विचारलं.

भाऊजी पांढरेफटक. मी रिकाम्या पोत्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. असा राग आला म्हणून सांगू! पण तोंडातून भलतंच निघालं.

"बाई, खरा समुद्रही असाच मंदावू शकतो. ध्रुवाकडचा बर्फ वितळून गोडं पाणी फार झालं, की वरचं पाणी बुडत नाही आणि ऊब गावापर्यंत पोचत नाही. जगात त्याला कित्येक वर्षं लागतील. आमच्या साहेबांनी अर्ध्या तासात करून दाखवलं!"

सगळी समिती थर्मामीटरवर वाकली.

"पडद्यावर हे असं होईल?" बाईंनी भाऊजींना विचारलं.

खोटं बोलता येत नाही, हा भाऊजींचा एकुलता एक गुण. "नाही," ते पुटपुटले. "पडदा मला बिघडवता आला नसता."

"मग टाकी राहील," बाई म्हणाल्या. "आणि रोज चार वाजता साहेब स्वतः बर्फ ओततील."

मी रडलेच, त्यात लपवायचं काय! भाऊजींनी रुमाल पुढे केला, तोही बर्फानं चिंब.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "आता समुद्र परत चालू कसा करायचा?"

"मीठ आणा," मी म्हटलं, "आणि बाह्या वर करा."