मोटारीचा कौल

धनजच्या वाटेवरच्या त्या माळावर जेवढी गर्दी जमली होती तेवढी निवडणुकीच्या सभेलाही मी पाहिली नव्हती. माणसं बैलगाड्यांवर चढून बसली होती, बाया पोरं कडेवर घेऊन उन्हात उभ्या होत्या, आणि एक जण टोपलीत फुटाणे घेऊन फिरत होता. एका बाईचे दात पाडायचे होते ना. असल्या कामाला आपल्या लोकांना फुटाणे लागतात.

मधोमध मोटार उभी होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली जुनी मालवाहू गाडी, उकंडरावांनी घेतलेली. परिसरातला बहुतेक कापूस उकंडरावांचा आणि तो कारंज्याच्या जिनिंगला नेणारी गाडीही त्यांचीच. आज तिच्या बॉनेटला शेंदूर फासला होता, दिव्यांना झेंडूचे हार घातले होते, स्टेअरिंगला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. टपावर भगवी कफनी घालून मोटारबाबा बसले होते. देव आजवर झाडात, दगडात, वारुळात सापडायचा. आता तो पेट्रोलवर चालायला लागला होता.

मी जगदेव मिस्त्री. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात असल्या गाड्या उघडण्यात आणि जोडण्यात माझी हाडं झिजली. मंगरूळपीरला मोटार स्टँडजवळ माझं दुकान आहे, आणि मी तापट आहे हे तिथं कोणीही सांगेल. या गाडीचा ड्रायव्हर रामधन यानं मालकाच्या चोरून मला निरोप पाठवला होता, की गाडी डावीकडे ओढते, येऊन पाहून जा. मी हत्यारांची पेटी घेऊन आलो, तर उकंडरावांनी मला हातानंच थांबवलं आणि म्हणाले, मिस्त्री, आधी देवाचं होऊ द्या.

देवाचं म्हणजे काय, ते मला तिथल्या लोकांनीच मोठ्या चवीनं सांगितलं. मागच्या महिन्यात ही गाडी कापूस भरून जात असताना तांड्याजवळच्या वळणावर डावीकडे घसरून नाल्यात पालथी झाली. वर कापसावर भाऊसिंग नावाचा तरणा मजूर बसला होता, तो खाली चेंगरून मेला. वळणावर पहिलंच घर त्याच्या आईचं, रुपाबाईचं. ती विधवा, आणि तिला तेवढा एकच मुलगा. ती अनवाणी धावत गेली आणि नखं तुटेपर्यंत कापसाची बोचकी ओढत राहिली. त्याचे दिवस होतात न होतात तोच उकंडरावांनी कुठून तरी मोटारबाबाला आणलं. बाबानं अंगारा लावायचा म्हणून गाडीखाली सरकून पुष्कळ वेळ घालवला आणि बाहेर येऊन सांगितलं, की गाडीला ओढणारी डाकीण आहे. गाडी नेमकी रुपाबाईच्या दारातच का पालथी झाली? कारण डाकीण आधी आपलंच लेकरू खाते.

लेक गेला आणि वर त्याला खाल्ल्याचा आळ. आज खुद्द मोटारच कौल देणार होती. कौल लागला की रुपाबाईचे पुढचे दात दगडानं पाडायचे, म्हणजे मंत्र उच्चारता येत नाही, आणि मग तिला तांड्याबाहेर हाकलायचं. दगड निवडून, धुऊन, हळद-कुंकू लावून ठेवला होता. तो नानाजी नावाच्या म्हाताऱ्या पंचाच्या हातात होता.

बाबानं टपावरून सुरुवात केली. "या चाकात बारा शक्ती, अन् स्टेअरिंगात तेरावी, खुद्द देवी. मानसाचा हात लागला का खोटं, हात सुटला का खरं. पुन्यवान उजव्या अंगाले, पापी डाव्या अंगाले." लोकांनी माना डोलावल्या. पाप डावीकडेच का उभं करायचं, हे एकानंही विचारलं नाही.

गाडीसमोर तांड्यातल्या चार-दोन विधवा ओळीनं उभ्या केल्या. रुपाबाई डाव्या टोकाला. रामधननं इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला, हातानं ओढायचा थ्रॉटल, म्हणजे पेट्रोल सोडणारा खटका, जरासा ओढून ठेवला आणि पायरीवर उभा राहून हात जोडले. स्टेअरिंगला कोणाचा हात नाही. गाडी घुरघुरत, बैलाच्या चालीनं निघाली, हळूहळू डावीकडे वळली आणि सरळ रुपाबाईकडे गेली. अगदी जवळ आल्यावर रामधननं ती बंद केली. माळावर एकच गलका झाला.

मग बाबानं रामधनला गाडी फिरवून दुसऱ्या टोकाला न्यायला लावली आणि पुन्हा कौल लावला. गाडी फिरली तशी बाबानं रुपाबाईलाही फिरवली, पुन्हा गाडीच्या डाव्या टोकाला. गाडी पुन्हा तिच्याकडेच गेली. मला हसू आलं. शेजारचा माणूस माझ्याकडे असा पाहायला लागला, की जणू माझेही दात मोजतोय.

रुपाबाई रडत नव्हती. दोघांनी तिचे दंड धरले, नानाजी दगड घेऊन पुढे आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो माहा लेक होता."

आता ओरडून शहाणपण सांगितलं असतं तर मलाही तिच्या शेजारी उभं केलं असतं. म्हणून मी टोपी काढली, बाबाला लवून नमस्कार केला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "महाराज, कौल तर लागला. पन देवीचा एक चमत्कार अजून पाहू द्या. पाप्याकडे मोटार जाते, तर पुन्यवानाकडे ती जानार नाई. बाईले उजवीकडे ठेवा अन् डावीकडे तुमी सोता उभे राहा."

बाबा म्हणाला, मुहूर्त टळला. मी म्हणालो, देवीला मुहूर्त कशाला? बाबा म्हणाला, देवीला पुन्हा पुन्हा छळू नये. पण लोकांना फुकटचा चमत्कार सोडवत नव्हता. नानाजीच म्हणाले, की महाराज, उभे राहा, म्हणजे कोणाच्या मनात किंतू उरणार नाही. बाबाची पंचाईत झाली. तो टपावरून उतरला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला.

गाडी निघाली आणि डावीकडे वळली. बाबा दोन पावलं सरकला, मी मोठ्यानं म्हणालो, महाराज, जागेवर. गाडी त्याच्याकडेच येत राहिली, आणि शेवटी तो कफनी सावरत बाजूला उडी मारून पडला.

मला वाटलं होतं, आता लोक हसतील, त्यांच्या डोक्यात उजेड पडेल. कसला उजेड घेऊन बसलात. नानाजी बाबाकडे पाहत अगदी शांतपणे म्हणाले, "मंग डाकीन हा हाये."

ज्यांनी रुपाबाईचे दंड धरले होते त्यांनीच जाऊन बाबाचे धरले. एकानं त्याचा जबडा उघडला. दगड तोच, कुंकूही तेच. मी पेटीवर बसून राहिलो. मला घाई नव्हती.

दगड ओठाला लागला आणि बाबा किंचाळला, "मारू नोका. देवी-फिवी काई नाई गाडीत. डाव्या पाट्याचा बोल्ट तुटला हाये, अ‍ॅक्सल मांगं सरकला, म्हनून ओढते डावीकडे."

"तुले कसं मालूम?" नानाजींनी विचारलं.

"मी पयले मोटारीवर क्लीनर होतो ना."

त्या दगडाइतकं झटपट मोटारशास्त्र शिकवणारा गुरुजी मी दुसरा पाहिला नाही. मी उठलो, नानाजींच्या हातावर हात ठेवला आणि एक दोरी मागितली. गाडीच्या उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी ताणून गाठ मारली. तीच दोरी डाव्या बाजूला धरली तर चांगली चार बोटं उरली. म्हटलं, या, हात लावून पाहा. पुढचा अ‍ॅक्सल कमानपाट्यांना बांधलेला असतो. पाट्यांतून जाणारा मधला बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल त्या बाजूनं मागं सरकतो. तुमच्या बैलगाडीचा आस एकीकडून मागं सरकला तर गाडी सरळ जाईल का? हे मात्र सगळ्यांना कळलं, माना डोलल्या. जन्मभर गाड्या हाकणारी माणसं ती, पण कोणी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

मग मी बाबालाच गाडीखाली घातलं. जॅक लावला, पाने त्याच्या हातात दिले आणि वरून शिव्या देत काम करून घेतलं. त्याची कफनी ग्रीसनं काळी झाली, ओठातून रक्त गळत होतं. पाणी कोणी दिलं नाही, मीही नाही. अ‍ॅक्सल जागेवर आला, माझ्या पेटीतला नवा बोल्ट बसला, आणि रुपाबाई कोणी न सांगता पुन्हा डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. रामधननं हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली आणि तिच्या बाजूनं पुढे निघून गेली.

लोकांची तोंडं उतरली. कोणाचे दात पडले नव्हते आणि फुटाणे संपले होते. ते घरी निघणार, एवढ्यात रुपाबाई रामधनसमोर जाऊन उभी राहिली.

"बोल्ट कवा तुटला?"

रामधननं आधी उकंडरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दिवाळीच्या आंधी. वाटंवरच्या गोट्यावर गाडी आदळली तवा. म्या मालकाले सांगतलं होतं. मालक म्हने, हंगाम होऊ दे, मंग पाहू."

तुटका तुकडा माझ्या हातात होता. तुटल्या जागी जुना गंज चढला होता, म्हणजे रामधन खरं बोलत होता. मी तो रुपाबाईला दिला. तिनं तो पदरानं पुसला, नानाजींच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग माह्या लेकाले कोनं मारलं?"

सगळ्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी आभाळाकडे हात केला आणि म्हणाले, "बाई, देवाची मर्जी."

आणि त्या सगळ्या माना, बाबापुढे डोललेल्या, दोरी पाहून डोललेल्या, पुन्हा डोलल्या. उद्या कापूस वेचायला त्यांच्याच शेतात जायचं होतं. नानाजींनी दगड हळूच खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. रुपाबाई तुकडा मुठीत धरून एकटीच वळणाकडे चालायला लागली.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी डावीकडे ओढत असेल तर देवऋषी आणण्याआधी खाली वाकून पाहा. बोल्ट तुटलेला सापडला तर तेवढ्यावर थांबू नका. तो कधी तुटला आणि तुटल्याचं कोणाला माहीत होतं, हेही विचारा, आणि उत्तर मिळेस्तोवर विचारा. दगड उचला असं मी म्हणत नाही. पण त्या माळावर विधवेसाठी धुऊन-पुसून दगड तयार होता, आणि मालकाला साधा प्रश्न विचारायला तिच्याशिवाय एकाचंही तोंड उघडलं नाही. दात मात्र सगळ्यांचे शाबूत होते.