अनोमाची झोप

जहाजावर मुलांसाठी एक रंगीत खोली होती, पण तिथे तीन वर्षांखालच्यांना घेत नव्हते. पोहायला एक छोटा हौद होता, तिथे डायपरवाल्यांना मनाई होती. आमचा प्रीतम पावणेतीन वर्षांचा आणि अनोमा तेरा महिन्यांची. त्यामुळे मुलांसाठी म्हणून जे काही होतं, ते आमच्या मुलांनी काचेबाहेरून पाहिलं. प्रीतमला त्याचं काही वाटलं नाही. खोलीच्या कपाटात त्याला केशरी लाइफ जॅकेट सापडलं होतं आणि ते घालून तो जेवायलाही येत होता.

सहलीची कल्पना माझ्या मोठ्या बहिणीची, दीप्तीताईची. ताई बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात रंगांची तपासणी करते. अनोमाच्या जन्मापासून ती रजेवर होती. रजा आधी पगारी, मग बिनपगारी अशी लांबत गेली आणि आता जूनच्या पहिल्या दिवशी रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, असं कारखान्याने कळवलं होतं. ताईला जायचंच होतं. प्रयोगशाळेचं नाव निघालं की तिचा चेहरा बदलतो. अडचण होती ती अनोमाच्या झोपेची.

अनोमा ताईशिवाय कुणाजवळ झोपत नसे. आई-बाबा कामठीला राहतात. ताई कामावर गेली की दोन्ही मुलं दिवसभर त्यांच्याकडे राहणार, असं ठरलं होतं. प्रीतम तिथे खुशाल राहायचा. अनोमाही सकाळभर हसायची, मऊ भात खायची, आजीच्या पदराशी खेळायची. दुपारी डोळे जड झाले की मात्र असं रडणं सुरू करायची की शेजारी हातातलं काम टाकून विचारायला येत. आईने खांद्यावर घेऊन पाहिलं, बाबांनी अंगणात फिरवून पाहिलं. शेवटी ताईला नागपूरहून यावं लागायचं. ती मुलीला उचलून लगेच परत निघायची. कधी ऑटोतच, नाहीतर घरी पलंगावर टेकताच अनोमा झोपलेली असायची. त्यावरून सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला होता: पोरीला आईच लागते.

ताईचं घर एका लग्नाच्या लॉनला लागून आहे. वर्षातले निम्मे दिवस तिथे बँड, डीजे आणि सनई पाळीपाळीने वाजतात. त्यावर माझे जिजाजी नागसेन यांनी उपाय काढला होता. ते वीज खात्यात आहेत आणि त्यांचे उपाय विजेवर चालतात. उन्हाळ्यात कूलर तर चालतोच. थंडीत ते पाण्याची मोटर बंद करून, कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवून, नुसता पंखा सुरू ठेवत. त्या घरघरीत वरातीचा आवाज विरून जायचा. घरात शिरलं की पहिली दोन मिनिटं ओरडून बोलावं लागे, मग आपोआप सवय होई.

जहाजावर सगळे एका छताखाली, स्वयंपाक नाही, धुणं नाही. अनोमाला आजी-आजोबांची सवय लावायला याहून चांगली जागा नाही, असं ताईचं म्हणणं होतं. सहलीत मुलगी आजीजवळ किंवा आजोबांजवळ एकदा तरी झोपली तर नोकरी, नाही झोपली तर घरी जाऊन राजीनामा, हे तिने निघण्याआधीच आम्हाला सांगून टाकलं होतं. इतकी लहान लेकरं घेऊन कुणी जहाजावर जातं का, असं लॉनचा चौकीदारसुद्धा विचारून गेला. जिजाजी एकदाच म्हणाले की समुद्रावर लेकरू रडायला लागलं तर मधेच उतरायची सोय नसते. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

मुंबईच्या गाडीत एक गोष्ट घडली. वर्धा यायच्या आत अनोमा चक्क बाबांच्या मांडीवर झोपून गेली. ताईचे डोळे भरून आले. मग आई म्हणाली, दिवसभराच्या गडबडीने थकली असेल, आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, न जुळणारं निरीक्षण थकव्याच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं नसतं, हे मला तरी कळायला हवं होतं. ताई म्हणाली, गाडीतलं धरायचं नाही.

जहाजात ताई, जिजाजी आणि मुलांना वरच्या मजल्यावर बाल्कनीची खोली होती. जाड गालिचा, जाड दार; दार लावलं की बाहेरचं जग बंद. आई, बाबा आणि मी सगळ्यात खालच्या मजल्यावर, मागच्या टोकाच्या बिनखिडकीच्या खोलीत. म्हाताऱ्या आई-बाबांना अंधारात टाकलं, म्हणून ताईला वाईट वाटत होतं. बाबा आयुष्यभर कन्हानच्या कोळसा खाणीत नोकरी केलेले. ते म्हणाले की त्यांना खाली असल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिल्या संध्याकाळी मुंबई मागे सरकत लहान झाली आणि ताईने अनोमाला आईच्या हाती दिलं. वरच्या त्या शांत खोलीत आईने थोपटलं, गुणगुणली. अनोमा रडली. बाबा आले, तीही पाळी झाली. मग हार मानून ताईने तिला कुशीत घेतलं, आणि अनोमा तरीही रडत राहिली. रात्र कशी गेली ते सकाळी ताईच्या डोळ्यांवरूनच कळलं. जिजाजी नाश्त्याच्या टेबलावर बसल्याबसल्या पेंगत होते.

ताई मला कठड्यापाशी घेऊन गेली. समोर सगळीकडे पाणी होतं आणि ती पाण्याकडे पाठ करून उभी होती.

"आता त माझ्याजवळपण झोपून नाही राहिली, दीक्षा. होतं तेही बिघडवून टाकलं मी. घरी गेली की राजीनामा देऊन टाकते. बस झालं."

मला तिचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्याचा एक भाग टुणकन उठून बसला होता.

"ताई, म्हणजे तिला आईच लागते, हे चूक ठरलं ना."

"तू खुश होऊन राहिली काय?"

"थोडीशी."

ती मला तिथेच सोडून नाश्त्याला परत गेली.

मी मात्र कामाला लागले. घरी झोपते, ऑटोत झोपते, आगगाडीत झोपते. कामठीत झोपत नाही, इथे झोपत नाही. हलण्यामुळे म्हणावं, तर ताईचं घर हलत नाही आणि जहाज थोडं का होईना हलतं. गारव्यामुळे म्हणावं, तर गाडीच्या डब्यातही गारच होतं. वास, उजेड, अंथरूण, एकेक घेऊन मी खोडत गेले आणि शेवटी हाती काही उरलं नाही. एवढ्यात प्रीतमने येऊन विचारलं की या तलावाचा दुसरा काठ कुठे आहे. त्याचा अनुभव नागपूरच्या फुटाळा तलावाचा. मी सांगितलं की समोर सरळ गेलं तर आफ्रिका. तेव्हापासून तो जिजाजींचं बोट धरून कठड्याशी उभा राहिला, आफ्रिका आली की बघायची म्हणून.

दुपारचं जेवण झाल्यावर आई खालून एक डुलकी काढून वर आली. तिचा चेहरा असा ताजा दिसत होता की मी विचारलंच, इतकी कशी काय झोप झाली.

"मले त लय दिवसांनी अशी झोप लागली वं. रात्रीबी, आताबी."

"काहून? कामठीत नाही लागत?"

आईने आधी जिजाजी किती लांब आहेत ते पाहिलं. ते आफ्रिकेच्या कामात होते. मग ती हळूच म्हणाली, "त्या एसीत कुठं झोप लागते. खोली कशी मुकी मुकी वाटते."

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, अनोमा होण्याच्या थोडं आधी, जिजाजींनी हौसेने कामठीच्या घरी एसी बसवून दिला होता. तीस वर्षं चाललेला कूलर तेव्हा गच्चीवर गेला.

मी खाली गेले. खोलीचं दार लावलं आणि कॉटवर नुसती बसले. जहाजात चढल्यापासून पहिल्यांदा मी त्या खोलीत कान देऊन ऐकलं. हवा खेळवणाऱ्या जाळीतून एक सलग घरघर येत होती, आणि तिच्याखाली, पायांना कळेल अशी, इंजिनाची थरथर. खोलीत पाय ठेवल्यापासून मी त्या आवाजात राहत होते, झोपत होते, आणि तो मला एकदाही ऐकू आला नव्हता. नागपूरच्या माणसाला तो ऐकू येणारही नाही. मार्चपासून जूनपर्यंत हा कूलरचा आवाज आमच्याकडे आवाजात धरतच नाहीत. बंद पडला तरच दचकून जाग येते. औषधं, टोप्या, नाचणीसत्त्व, जास्तीचे डायपर, सगळं आम्ही आठवणीने आणलं होतं. जे कुणाला ऐकूच येत नाही, ते आठवणार कसं? आणि अनोमाने तर जन्मल्यापासून, उन्हाळा असो की थंडी, त्या आवाजाशिवाय झोपच पाहिली नव्हती.

फोनवर आवाज मोजायची सोय होती. खाली मोजलं, वर जाऊन ताईच्या खोलीत मोजलं. खाली पडद्यावर एक भरगच्च पट्टा दिसत होता, वर जवळजवळ सपाट रेघ. पण खरं मोजमाप अनोमाच करणार होती.

ती ताईच्या कडेवर डोळे चोळत कुरकुरत होती. मी ताईला म्हणाले, हिला थोडा वेळ मला दे. आणि तू खाली येऊ नकोस.

"रडली त?"

"रडली तर आणून देते."

ताईने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला झोप नव्हती आणि वाद घालायची ताकदही नव्हती. तिने मुलगी दिली.

खाली बाबा वर्तमानपत्राचा शिळा अंक वाचत बसले होते. मी अनोमाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दिवा मंद केला. तिने रडायला तोंड उघडलं. बाबांनी मला खुणेने विचारलं, काय करू? मी खुणेने सांगितलं, काही करू नका. अनोमाचं तोंड उघडंच राहिलं. तिने मान वळवून जाळीकडे पाहिलं, ओळखीचं कुणी आत बसलंय का ते बघावं तसं. मग तोंड मिटलं, अंगठा आत गेला आणि तिचं डोकं बाबांच्या दंडावर घरंगळलं.

आई पाठोपाठ आली होती. ती दार लावून तिथेच थांबून राहिली. बाबा श्वाससुद्धा जपून घेत होते.

माझ्या मनात आलं, आता हिला अलगद वर नेऊन पाहावं. तिथे जागी झाली तर शंकाच उरणार नाही. मी हात पुढे केला.

"झोपल्या लेकराले हात लावून त पाह्य," आई कुजबुजली.

"विज्ञान उद्या कर वं," बाबा म्हणाले.

मी दार हळूच उघडून बाहेर आले, तर ताई समोरच भिंतीला टेकून खाली बसलेली. ती केव्हाची तिथे होती कोण जाणे. रडणं कानावर आलं की आत जायचं, म्हणून बसली होती, आणि रडणं आलंच नव्हतं. मी दार बोटभर उघडून तिला आतलं दाखवलं. मग कूलरचं सांगितलं.

"रोज प्रयोगशाळेत दहा गोष्टी बदलून पाहते मी," ती म्हणाली. "आणि घरचा कूलर एकदाही बंद करून नाही पाहिला."

"पण झोपली ना बाबांजवळ?"

"झोपली." तिने नाक पुसलं. "हे धरायचं."

ती वर गेली तेव्हा मीही गेले. दोन्ही हात मोकळे घेऊन ताई कठड्याशी उभी राहिली, आणि मला वाटतं, समुद्र तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. प्रीतमने तिच्याकडे तक्रार केली की आफ्रिका अजून आली नाही. तिने त्याला जॅकेटसकट उचलून घेतलं.

दुसऱ्या दुपारी अनोमा खाली आईच्या खांद्यावर झोपली आणि त्याच्या पुढच्या दुपारी माझ्या. माझ्याजवळ ती एरवी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून ती नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते.

परतीच्या संध्याकाळी जेवताना एसीची गोष्ट बाहेर आली. लपवणं आईला जमत नाही. जिजाजींचा घास हातातच राहिला.

"मग बोलल्या काहून नाही तुम्ही?"

"जावयानं एवढं हौसेनं लावून दिलं, कसं बोलायचं?" बाबा म्हणाले. "तुम्ही आले की आणखी थंडा करून बसता. म्हटलं, जावईबापूले गरमी होते."

"मले कुठं गरमी होते? मले त सर्दी होते. तुमाले आवडते म्हणून मी करून राहिलो ना."

ताई इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली.

कामठीला पोचल्यावर बाबांनी आणि जिजाजींनी कूलर गच्चीवरून उतरवला. आत चिमण्यांनी वाळक्या काड्या भरून ठेवल्या होत्या. वाळ्याची नवी खस लागली, मोटरला तेल मिळालं. जिजाजींनी तो दूरच्या कोपऱ्यात ठेवून तोंड पलंगावरून जरा बाजूला वळवलं. आवाज पोरीला पुरे व्हावा आणि कानालाही जपावं, म्हणून अंतर मी ठरवलं. एसी भिंतीवर तसाच आहे. आई त्याच्यावर रुमाल वाळत घालते.

जूनच्या पहिल्या दिवशी मीही कामठीतच होते. दुपारी ताईचा बुटीबोरीहून फोन आला. फोन आईने घेतला आणि हॅलोसुद्धा न म्हणता स्पीकर लावून कूलरसमोर धरला. अनोमा पलंगावर आडवी पसरली होती. तिच्या पलीकडे प्रीतम, आणि त्याच्या पलीकडे बाबा, तोंड उघडं टाकून. घरघरीशिवाय खोलीत काही नव्हतं. तिकडून कारखान्याच्या यंत्रांची घरघर येत राहिली, जवळजवळ तशीच, थोडी जाडसर.

आईने ती कान देऊन ऐकली.

"सांभाळ वं," ती म्हणाली. "तू बी झोपून जाशील तिथं."