सात मतांचे अप्पा

शनिवारी दुपारी शिवकांता नांदेडहून गावी पोचली तेव्हा तिचे वडील, अप्पा, दुकानाच्या ओट्यावर बसून टँकरच्या ड्रायव्हरला चहा पाजत होते आणि ड्रायव्हर रडकुंडीला आला होता.

“कुठं ओतू तेवढं सांगा, अप्पा. कालपासून भरला टँकर घेऊन हिंडून राहिलो. वर गेलो की खालचे चाकापुढं आडवे पडतात, खाली गेलो की वरचे. आज शेवटी शेजारच्या गावात ओतून आलो बघा.”

“आडवे पडतात ना? मग बरंच हाय की,” अप्पा म्हणाले. “उभं राहून डोकी फोडण्यापरीस आडवं पडलेलं चांगलं.”

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस हरवून दोन. मुरुडच्या अलीकडच्या या लहानशा गावात त्या उन्हाळ्यात दोनच आड कामाचे उरले होते, तेही पाणी असलेले नव्हेत, टँकरचं पाणी ओतून घ्यायला धड असलेले. वरचा आड चावडीजवळ, सरपंच अण्णारावांच्या दाराशी. खालचा आड ओढ्याकाठच्या वस्तीत. घरं दोन्हीकडं सारखीच. पण वरच्या आडावर खालच्या वस्तीच्या घागरी नेहमी रांगेच्या शेवटी असत. तसं कुणी ठरवलं नव्हतं, तरी असत. म्हणून खालच्यांना टँकर खाली हवा होता, आणि वरच्यांना तो वरच हवा होता, कारण तो आजवर वरच येत आला होता.

गुरुपादप्पा, म्हणजे अप्पा, राहायचे वर आणि बोलायचे खालच्यांच्या बाजूनं. त्यामुळं दोन्हीकडची बोलणी त्यांनाच. जिल्हा व्हावा म्हणून ते मोर्च्यांत घसा फोडून आले होते, जिल्हा झाला त्या दिवशी दुकानातली साखर वाटली होती. आता लोक विचारत, “अप्पा, जिल्हा आला, पाणी कुठं हाय?”

“आधी ‘न्हाई’ ऐकायला उस्मानाबादेला जावं लागायचं,” अप्पा सांगत. “आता लातुरातच ‘न्हाई’ म्हणतात. दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. ह्यालाच विकास म्हणतात, येड्यांनो.”

शिवकांता नांदेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांत लोकशाही का अडखळते, कुठं लष्कर येतं, कुठं दुष्काळ सरकार पाडतो, हा तिचा विषय. अप्पांना तो फार आवडे. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या आफ्रिकेतल्या देशांत टँकर कुठं उभा करतात गं?”

“पुस्तकात नाही दिलं, अप्पा.”

“मग कसली पुस्तकं लिहितात?” त्यांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. आजोबांचं नाव कोरलेला, काठाशी चेपलेला. मग एकदम ताटावरून हात उचलून म्हणाले, “मतदान घेऊ! गुप्त. घराला एक रिकामी घागर. शाळेच्या खोलीत दोन कोपरे, एक वरच्या आडाचा, एक खालच्याचा. एकेकानं आत जायचं, घागर ठेवायची, बाहेर यायचं. कुणी कुणाला विचारायचं न्हाई.”

“अप्पा, हे तुम्ही फार छान काढलंत,” शिवकांता म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटलं.

अप्पा फुलले. निवडणूक म्हणजे त्यांचा जीव. निजामाच्या राज्यात ते मोठे झाले. तिथं मत विचारायची रीतच नव्हती. “तवा हरायचीबी सोय नव्हती,” ते म्हणत. “आता हरायला मिळतं, हे काय कमी हाय?” आणि ते मनसोक्त हरले होते. ग्रामपंचायतीला तीनदा उभे राहिले. शेवटच्या खेपेला सात मतं पडली आणि त्या दिवसापासून गाव त्यांना सात मतांचे अप्पा म्हणू लागलं. त्यांना राग नव्हता, उत्सुकता होती. “ती सात माणसं कोण हे कळू दे, घरी बोलावून पोटभर हुग्गी खाऊ घालतो.” हुग्गी म्हणजे त्यांच्या घरची गव्हाची खीर. ती खायला अजून कुणी आलं नव्हतं.

जेवण होताच ते चावडीवर गेले आणि अण्णारावांशी बोलून मतदानाचा मंगळवार ठरवून आले. त्या रात्रीही अंथरुणावर बसून त्यांनी ती सात मतं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “एक मी. नीलम्मा, तुझं धरू का?”

“माझं धरू नगा,” शिवकांताची आई, अव्वा, आतून म्हणाली. “मला त्या कपबशीचं चित्र बरं दिसलं.”

“बघ. घरचा भेदी. आन् शिवा, तुझं?”

शिवकांतानं आपलं मत गावातच ठेवलं होतं. दर खेपेला नांदेडहून एस्टीनं यायची, शाई लावून परत जायची. तिचं उत्तर ठरलेलं होतं. “मतदान गुप्त असतं, अप्पा.”

“हाव बाई, असतं,” ते हसून म्हणाले आणि आडवे झाले.

सकाळी ते आंघोळ करून पूजेला बसले. डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, डोळे मिटलेले. बराच वेळ झाला तशी अव्वा चुलीपुढून म्हणाली, “आवं, आज देवाशीबी निवडणूक लढवून राहिले का काय?” उत्तर आलं नाही. अप्पा बसल्या जागीच गेले होते.

त्यांना आंघोळ घालायला घरात दोन तांबे पाणी होतं. हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण खालच्या वस्तीतून बायका आल्या. कुणी तांब्या, कुणी गडू, कुणी पेलाभर, जे घरात होतं ते घेऊन. शेवटी मोठं पातेलं भरून वर उरलं. “महिन्यात एवढं पाणी त्यांच्या अंगावर पडलं न्हवतं,” अव्वा म्हणाली, आणि ती रडते की हसते हे शिवकांताला कळलं नाही. दुपारी शेतात, बेलाच्या पानांत, हातात लिंग देऊन बसल्या बैठकीत अप्पांना माती दिली.

संध्याकाळी अण्णाराव भेटायला आले. टोपी काढून बसले. “अप्पा गेले. आता ते मतदान महिनाभर पुढं ढकलू. घरात दुःख हाय.”

अव्वानं पदर सावरला. “आमच्या लिंगायतांत सुतक नसतं, अण्णाराव. आन् असतं तरी तुमच्या घागरीला कशाला? मंगळवारी घ्या.”

मंगळवारी शाळेच्या अंगणात सारं गाव जमलं. टँकर रस्त्यावर उभा, ड्रायव्हर टपावर बसून बघत होता. आणि पहिल्याच मिनिटाला एक गोष्ट झाली, जी अप्पांनी धरली नव्हती: घागर घेऊन चारचौघांत चालायला एकही पुरुष तयार होईना. “आपण काय बायकू हाय का?” असं म्हणत त्यांनी घागरी बायकांच्या हाती दिल्या आणि कानात कोपरा सांगितला. अण्णारावांनी तर बायकोला, तुळजाबाईंना, दोनदा सांगितला. बायका माना डोलवत आत गेल्या, रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. शिवकांता घरची पितळी घागर घेऊन गेली, ठेवून आली.

गुरुजींनी दार उघडून मोजणी केली. खालचा आड सहा घागरींनी जिंकला.

खालच्यांनी असा ओरडा केला की ड्रायव्हर टपावरून पडता पडता वाचला. अण्णारावांचा चेहरा पडला, पण मोडेन पण वाकणार नाही अशातला माणूस नव्हता तो. “ठीक हाय. गावानं ठरवलं,” म्हणाले. “गुरुजी, घागरी वाटून टाका ज्याच्या त्याला.”

गुरुजींनी खालच्या आडाच्या कोपऱ्यातली पहिली घागर उचलली आणि शाळेत हजेरी घ्यायच्या सवयीनं खणखणीत आवाजात वाचलं, “सौभाग्यवती तुळजाबाई अण्णाराव!”

साऱ्या माना तुळजाबाईंकडं वळल्या.

मग शिवकांताच्या लक्षात आलं, आणि तिच्याबरोबर साऱ्या गावाच्या. घरातलं एकही भांडं बिनानावाचं नसतं. लग्नातली घागर असो की बारशातला पेला, भांडेवाला मशीन फिरवून नाव टाकून देतो, तेव्हाच बाई ते घरी नेते. राज्यशास्त्राची प्राध्यापिका आणि जन्माचा मतदार, दोघांनी मिळून गुप्त मतदान ठरवलं होतं आणि प्रत्येक मतावर मतदाराचं नाव कोरलेलं होतं! अप्पा असते तर हसून ओट्यावर लोळले असते. तिच्याही पोटात हसू उसळलं. पण समोर बायकांचे चेहरे पांढरे पडले होते. घरी गेल्यावर काय होणार ते त्यांना दिसत होतं.

“रद्द!” अण्णाराव गरजले. “सगळं रद्द! शिवाबाई, तुम्ही कॉलेजात हेच शिकवता. सांगा, जे गुप्त राहिलं न्हाई ते मतदान चालतं का?”

ती नाही म्हणाली तर टँकर पुन्हा वर जाणार होता, खालच्या घागरी पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि अप्पांचं शेवटचं काम मातीत.

“नियमानं चालत नाही,” ती म्हणाली. वरच्यांनी माना डोलावल्या. “पण गुप्तता कुणासाठी असते, अण्णाराव? मत देणाऱ्यासाठी. ती मोडली तर तक्रार तिनं करायची, तुम्ही नाही. जिला आपलं नाव कळल्याचं भय वाटतं तिनं सांगावं, मी रद्द म्हणते. जिला नाही, तिनं आपली घागर उचलावी.”

कुणी हललं नाही. मग शिवकांता स्वतःच खालच्या कोपऱ्यात गेली. पितळी घागरीच्या गळ्याशी आईबापांच्या लग्नातलं नाव होतं. गुरुजींनी हळूच वाचलं, “गुरुपादप्पा.”

“आले बघा अप्पा मतदानाला,” मागून पारूबाई म्हणाली. ती खालच्या वस्तीतली, जिभेला हाड नसलेली. एवढ्या ताणातही दोघी-तिघी हसल्या.

आणि त्या हसण्यात तुळजाबाई पुढं आल्या. “आणा हिकडं माझी घागर,” त्या म्हणाल्या. नवऱ्याकडं न बघताच पुढं बोलल्या, “आड माझ्या दारात हाय, हाव. पण दारात रोज सकाळी भांडण ऐकून कान किटले. आन् आड दारात म्हणून मला दाराबाहेर जायला मिळत न्हाई. खाली गेले तर चार बायांशी बोलणं तरी होईल.”

“अगं, मग घरात सांगायचं!” अण्णाराव म्हणाले.

“घरात कोण मत विचारतं?”

यावर जो हशा झाला त्यात अण्णारावांनाही तोंड लपवायला टोपी पुरली नाही. एकेक घागर उचलली जाऊ लागली, आणि आता गुरुजी वाचायच्या आत बायकाच आपापलं नाव सांगत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. “जावा खाली,” अण्णाराव हात झटकून बायकांना म्हणाले. “येताना माझ्या आंघोळीला एक घागर जास्त आणा म्हणजे झालं.”

खालच्या आडात टँकरचा पाइप सोडला तसा पाण्याचा आवाज वस्तीभर घुमला. बायका कठड्याभोवती दाटल्या. आज रांगेचं भांडण नव्हतं, कारण सगळ्या बोलण्यात गुंतल्या होत्या.

“खरं सांगू का, शिवाक्का,” पारूबाई दोर सोडत म्हणाली, “सातातलं एक मत माझं होतं. अप्पाला कधी सांगितलं न्हाई. हुग्गी राह्यली माझी.”

“माझंबी एक,” तुळजाबाई चटकन म्हणाल्या आणि इकडंतिकडं बघितलं.

“माझंबी की!”

बघता बघता आडाभोवती सातातली अकरा मतं जमली. अव्वा कठड्याला टेकून हसत होती, पदरानं डोळे पुसत होती. “म्हंजी पातेलं मोठं चढवावं लागतंय,” ती म्हणाली. “पर मी कपबशीलाच दिलं बरं का. खोटं कशाला बोलू?”

“आन् तुझं, शिवाक्का?” पारूबाईनं विचारलं. “तुझं धरायचं का?”

ठरलेलं उत्तर शिवकांताच्या ओठांवर आलं. तिनं भरलेली घागर कठड्यावर ठेवली. गळ्याशी कोरलेलं नाव ओलं होऊन चमकत होतं.

“धरा,” ती मोठ्यानं म्हणाली. “माझं मत अप्पांना होतं. तिन्ही खेपेला.”