दोघांसाठी मांडलेले टेबल

मी एक जुने, डगमगणारे टेबल आहे. डगमगतो म्हणून मला नावे ठेवू नका, मित्रांनो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही स्वस्थ उभे राहिला नसता.

माझे लाकूड टेबलासाठी तोडलेच नव्हते. कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर विंडवर्ड नावाचे गाव आहे. तिथे अगदी किनाऱ्यावर, झाडाच्या सावलीत शिडाच्या होड्या बांधतात. अन्सेलम क्वाशी नावाच्या होडीकाराने टेकडीवर हिंडून हिंडून सीडरचे वाकडे बुंधे शोधून आणले, कारण होडीच्या बरगड्यांना वाकडेच लाकूड लागते. त्या बुंध्यांत मी होतो. भरतीचे पाणी माझ्यापाशी येऊन परत जायचे आणि मला वाटायचे, आता निघालो, आता निघालो. पण बरगड्या पुरल्या आणि मी उरलो. होडी गेली, मी वाळूत राहिलो.

त्याच सुमारास अन्सेलमच्या बहिणीने, युरालिनने, घरची पुढची खोली पाहुण्यांना द्यायचे ठरवले. तिला टेबल हवे होते. अन्सेलमने जन्मात सरळ रेषेत काही बनवले नव्हते. त्याने होडीच्याच हत्यारांनी मला घडवले, त्यामुळे माझा एक पाय आत वळलेला आहे. पाहुणे बसले की माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतात, आणि मी ती दोन दिवसांत बाहेर ढकलतो. आतून काहीतरी सारखे हलायला सांगते, त्याला मी तरी काय करू?

पाहुण्यांची खोली एकच, म्हणून माझ्यापाशी खुर्च्याही दोनच. येत ती बहुतेक जोडपीच. मोठ्या हॉटेलांचे दर ऐकून दारातूनच मागे फिरणारी साधी माणसे. माझ्यावर त्यांनी मासे खाल्ले, आंबे कापले, पत्ते खेळले, रुसवे काढले. एका बाईने तर माझ्यावर हात फिरवून म्हटले होते की हे टेबल मला घरी न्यावेसे वाटते. मी त्या दिवशी फार खूश होतो. पुढे शेजारच्या आखातात पोहण्याच्या तलावाचे हॉटेल झाले, पाहुणे आटले आणि माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग, डबे आणि एक मोडका पंखा येऊन बसला.

युरालिनच्या आईला, मा फिलोला, सगळे गाव ओळखत होते. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, तेव्हापासून ती लेकीकडे राहत होती. मा फिलो माझ्यापाशी कधी जेवली नाही. खुर्च्या पाहुण्यांच्या. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. युरालिन तिच्या हातात ताटली ठेवायची आणि पुढच्या क्षणी पाहुण्यांना पाणी द्यायला धावायची. युरालिनच्या पायाला भिंगरी होती. म्हातारी मागून काहीतरी म्हणायची, पीठ नीट घोटलं नाहीस, कोंबडी वातड राहिली, असलेच काहीतरी. युरालिन "हो, हो" करत बाहेर यायची.

मा फिलो गेली तेव्हा तिच्या कबरीवर नावाचा दगड बसवला नाही. आमच्याकडे दगड लगेच बसवत नाहीत. कुटुंबाला जमेल तेव्हा, काही वर्षांनी, मोठे जेवण घालून बसवतात. तोवर गेलेले माणूस स्वप्नात येऊन आठवण करून देते. मा फिलो आली, आणि येतच राहिली. स्वप्नात स्टुलावर बसून रिकामी ताटली पुढे करायची. युरालिन पहाटेच उठून घरभर फिरायची. कधी माझ्यावरचे कपडे एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवायची, परत पहिल्या जागी आणायची. एकदा अन्सेलम सकाळी होडीवर जाताना आत डोकावला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "आई एकदा पोटभर जेवून जाऊ दे रे. मग मला झोप लागेल. दुसरं काही मागत नाही मी."

म्हणून तिने पुन्हा पाहुणे घ्यायचे ठरवले. दगड घ्यायचा होता, बोकड घ्यायचा होता. ब्रुकलिनला राहणाऱ्या भाचीने तिच्यासाठी जाहिरात लिहून दिली: आरामशीर घर, खिशाला परवडणारे, कसलीही कटकट नाही, खास जोडप्यांसाठी. युरालिनने ते वाचून घेतले आणि शपथ घेतल्यासारखे मनावर घेतले. कटकट नाही म्हणजे नाही.

आले ते वेंडेल आणि मॉरीन. कॅनडातल्या कुठल्याशा बर्फाच्या गावाचे. तो बस चालवायचा, ती इस्पितळातल्या चादरी धुवायची. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली होती आणि पहिल्यांदाच दोघे फिरायला निघाले होते. पण आराम कसा करतात ते दोघांनाही ठाऊक नव्हते. वेंडेल प्रत्येक गोष्ट आधी विचारायचा. हा चहा भाड्यात धरलाय का? टॉवेलचे वेगळे द्यायचे का? झाडावरचा फणस घेतला तर चालेल का? मॉरीन त्याला माझ्याखालून पायाने ढोसायची, आणि तो पाय कित्येकदा माझ्या वाकड्या पायाला लागायचा. तिसऱ्या दिवशी युरालिनने तवा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून सांगून टाकले.

"हे बघा, इथे काही विचारायचं नाही. या टेबलावर जे येईल ते तुमचं. खायचं आणि समुद्रावर जायचं. कळलं?"

वेंडेल इतका सुखावला की त्याने पुन्हा काही विचारले नाही. तेच पुढे भोवले.

दगडाचा दिवस त्यांच्याच मुक्कामात आला. आदल्या दिवशी अंगणात तीन चुलींवर हंडे चढले, ढोल आणून उन्हात ठेवले. त्या संध्याकाळी माझ्यावरचे सगळे उचलले गेले. कित्येक वर्षांनी मला साबणाच्या पाण्याने धुतले, वर पांढरे कडक कापड घातले. मला वाटले, आता माझे दिवस फिरले. युरालिनने स्वतःच्या हाताने दोन ताटे मांडली, एक आईचे, एक वडिलांचे. मक्याच्या पिठाचे घोटून वळलेले गोळे, तुरीचे हिरवे दाणे, भात, कोंबडी, बोकडाचे मटण, तळलेली केळी. मीठ कशातच नाही, कारण गेलेल्यांना मीठ चालत नाही. दोन पेले ठेवले. वडिलांसाठी बेटावरची कडक रम वेगळी, बर्फही बुडतो अशी, शेजारी बर्फाच्या भांड्यासह, कारण त्यांना ती तशीच लागायची. मधोमध मेणबत्ती लावली. दोन खुर्च्या ओढून नीट समोरासमोर ठेवल्या.

हे ताट सकाळपर्यंत असेच राहायचे असते. सकाळी घराण्यातले सर्वांत म्हातारे माणूस ते मोडते आणि मग पोरेटोरे त्यावर तुटून पडतात. तोवर त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही. विंडवर्डमध्ये त्या ताटाला राखण लागत नाही, इथले मांजरसुद्धा दारावरून वळसा घालून जाते. त्यामुळे रिवाजाप्रमाणे उद्या बसवायच्या दगडावर पाणी आणि रम शिंपडायला सगळे मिळून टेकडीवरच्या कबरीकडे गेले. सगळ्यांत म्हाताऱ्या तांती झेफालाही, म्हणजे झेफामावशीलाही, जीपमध्ये बसवून नेले. दार सताड उघडे. पाहुणे तर लांबच्या किनाऱ्यावर गेले होते, अंधार पडल्यावरच यायचे.

पण ते अंधाराआधीच आले. उन्हाने भाजलेले, पायाला वाळू, आणि चार शब्द भांडून मुके झालेले. दारात मॉरीन थबकली. तिने मेणबत्ती पाहिली, दोन ताटे पाहिली, समोरासमोर दोन खुर्च्या. तिच्या हातातली पिशवी खाली घसरली.

"वेंडेल," ती हळूच म्हणाली. "बघ तरी."

मित्रांनो, त्या वेळी माझ्या जिवाची काय घालमेल झाली सांगू! मला तोंड नाही. जे करता येते ते मी केले. वेंडेल बसताच मी असा कललो की पेल्यातली रम कापडावर सांडली. तर त्याने काय करावे? खिशातून कागद काढला, घडी केली, खाली वाकला आणि माझ्या पायाखाली सारली. मग दोघे हात धुऊन आले आणि जेवायला बसले. पहिला घास घेताच वेंडेलने तोंड वेडेवाकडे केले. मॉरीनने डोळे वटारले. त्याने उठून मीठ शोधले नाही. गोळे गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, रमच्या घोटाला तो खोकला, पण ब्र काढला नाही. हळूहळू ते बोलायला लागले. लग्नाच्या वर्षीचे काहीतरी, एका गळक्या खोलीचे. मॉरीन हसली. आल्यापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. आणि मी मात्र आतून नुसता जळत होतो, कारण बाहेरून माणसांचे आवाज चढण चढत येत होते.

सगळ्यांत पुढे युरालिन होती. ती दारात आली आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. अर्धी कोंबडी संपली होती. वडिलांच्या रमच्या पेल्यात थेंब उरला होता. अन्सेलम तिच्या खांद्यावरून पाहत ओरडला, "अरे, ते माझ्या आईबापाचं ताट आहे!"

दोघे उभे राहिले. वेंडेलच्या हातात हाड तसेच होते. कुणीतरी त्यांना घाईघाईने सगळे समजावले आणि समजत गेले तसतसा मॉरीनचा चेहरा पांढरा पडत गेला. युरालिन अर्ध्या संपलेल्या ताटांकडे पाहत राहिली. तिने आठवणीने सगळे रांधले होते, कित्येक महिने एकेक वस्तू जमवली होती, आणि आई आज पुन्हा उपाशी राहणार, एवढेच तिच्या डोळ्यांत दिसत होते. अन्सेलम म्हणत होता की उद्याचे जेवण रद्द करा, असल्या घरात दगड बसवून काय उपयोग.

"दोन ताटं होती," मॉरीन म्हणाली. "मेणबत्ती होती. तुम्ही म्हणालात, टेबलावर येईल ते तुमचं. मला वाटलं, कुणीतरी आमच्यासाठी मांडलंय. आमच्यासाठी आजवर कुणी असं मांडलं नव्हतं हो."

एवढ्यात तांती झेफा काठी टेकत आत आली, माझ्यापाशी थांबली आणि वाकून ताटांत पाहू लागली.

"मीठ घेतलं होतं का?" तिने विचारले.

"नाही," वेंडेल म्हणाला. "तुमच्या स्वयंपाकघरात शोधणं बरं दिसलं नसतं. वाटलं, तुमच्याकडे असंच करतात."

"आणि दारू? पाणी घातलं?"

"नाही. बर्फ टाकला, तर तो तळाला गेला. खोकून खोकून प्यालो."

अंगणात कुणीतरी खुदकन हसले. तांती झेफा हसली नाही. "बघ रे अन्सेलम," ती म्हणाली. "जित्या माणसाला बिनमिठाचं एवढं जेवण जातं का? तुला जाईल? एक घास जायचा नाही. ज्यांचं होतं तेच जेवले. या बिचाऱ्यांची तोंडं तेवढी उसनी घेतली."

अन्सेलम पुटपुटला की मग बापाने खोकायला नको होते. पण तांती झेफा बोलली की विषय संपतो. उद्याचे जेवण ठरल्याप्रमाणे होणार, असे ती म्हणाली आणि बाहेर जाऊन ढोलवाल्यांना बसायला सांगितले.

युरालिन मात्र तिथेच उभी होती. मग ती मॉरीनजवळ आली. इतक्या वर्षांत तिला मी पाहुण्यांना हजार गोष्टी विचारताना ऐकले होते, पाणी हवे का, पंखा लावू का. पण असा आवाज ऐकला नव्हता.

"पोट भरलं का गं?"

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. खरं सांग."

मॉरीनने ताटाकडे पाहिले. "पीठ जरा कमी घोटलं गेलंय, घशाला चिकटतं. पण मी सगळ्यातलं खाल्लं, मिस युरालिन. खरंच पोट भरलं माझं."

युरालिन मटकन माझ्यावर टेकली. आधी मला वाटले ती हसते आहे. मग तिने माझ्या पांढऱ्या कापडाने डोळे टिपले आणि मॉरीन तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. बाहेर ढोल सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले तरी युरालिन उठली नव्हती. वेंडेलनेच चहा केला. ती बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले, चेहरा झोपेने सुजलेला. तांती झेफाने ताटे मोडली, पोरांनी उरलेसुरले पळवले. अन्सेलमने बहिणीला विचारले की झोप कशी लागली. खूप लागली, ती म्हणाली, कुणी आलेच नाही. मग म्हणाली, "तांती, आता ती कधीच येणार नाही का?"

"जेवून गेलेलं माणूस कशाला परत येईल, पोरी," तांती झेफा म्हणाली.

युरालिनला हवी ती झोप मिळाली. तरी तो सगळा दिवस ती दगडापासून घरापर्यंत येरझाऱ्या घालत होती. मेजवानीत तिचे लक्ष नव्हते, लोकांनी हाका मारल्या तरी तिला ऐकू जायच्या नाहीत.

मित्रांनो, मला पॉलिश नको. माझ्या पायाखाली पुठ्ठाही घालू नका, मी तो काढून टाकतोच. फक्त एवढे करा. कुठे ताट मांडलेले दिसले तर बसण्याआधी विचारा की ते कोणासाठी आहे. आणि तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात बसून जेवत असेल, जेवणाला नावे ठेवत असेल, तर हातातले काम ठेवा आणि त्याला विचारा की पोट भरले का. उत्तर मिळेपर्यंत थांबा. युरालिनला ते एका परक्या बाईला विचारावे लागले.