नुसत्या खोलीचा आवाज

कॉम्प्युटरवरची आवाजाची पट्टी लाल.

"अगं, फाटतोय आवाज! हळू."

"हळूच बोलतेय की!"

तिचं हळू म्हणजे बसच्या मागच्या दारापर्यंत. उभा जन्म कंडक्टरकी केलेली बाई. तिच्या टेलर नवऱ्याने माइकची कळ आणखी खाली फिरवली.

उद्या सकाळी डॉक्टर तिचं स्वरयंत्र काढणार होते. मग ती फोनवर लिहील आणि फोन तिच्याच आवाजात बोलेल. त्यासाठी ही वाक्यं आजच वाचून व्हायला हवी होती. आवाज स्वच्छ हवा, हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली होती. पुन्हा घेता येणार नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

खोली घुमू नये म्हणून त्याने गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कोट चहूबाजूंनी टांगले होते. मधोमध ती.

"एवढी गर्दी अंगावर, आणि एकाकडेही तिकीट नाही!"

पट्टी पुन्हा लाल.

पट्टी हिरवी.

माइक वीतभर लांब, तोंडाच्या जरा बाजूला. पंखा बंद. फ्रिज बंद. घड्याळ उशीखाली. शिलाई मशीन सकाळपासून गप्प.

"माझा चष्मा शोधा. मला पाणी द्या. आज बरं वाटतंय."

ती वाचत गेली. आवाज घोगरा होत गेला. ती आवंढा गिळायची आणि टेलरचा जीव खालीवर व्हायचा. शेवटचं वाक्य झालं तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मागे एक बारीक घरघर राहिली होतीच. ती काढायची तर कॉम्प्युटरला आधी नुसत्या खोलीचा आवाज ऐकवायचा, कुणी न बोलता. मग तो तेवढाच आवाज सगळीकडून खरवडून काढतो. असा तुकडा त्यांनी सुरुवातीलाच घेतला होता. त्याने बटण दाबलं, हेडफोन लावला.

आवाज पाण्याखालून येत होता. शब्द होते, ती नव्हती.

मूळचं गेलं? त्याने 'मागे जा' दाबलं. एकदा. दोनदा. आलं. ती आली.

मग त्याने तो खोलीचा तुकडा ऐकला. त्यात अगदी हलकेच, "किती वेळ हो गप्प बसायचं?"

म्हणजे कॉम्प्युटर तिलाच खरवडत बसला होता.

"काय झालं?"

"तू बोललीस."

"कधी?"

"गप्प बसायचं होतं तेव्हा."

"मग त्यात नवीन काय?" ती हसली, खोकली. "घ्या परत. आता बघाच."

पट्टी हलत नाही.

ती ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून बसली. त्याच्याकडे बघत. त्याच्या कानांत नुसती खोली. लग्नानंतर ही खोली त्याने अशी कधी ऐकलीच नव्हती. पुरे झालं होतं, थांबवायचं बटण दाबायला हवं होतं. बोट उचलेना.

"बोल," तो म्हणाला. "काहीतरी बोल."

पट्टी उडाली. तुकडा वाया गेला.

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकली, एका हाताने स्वतःच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

पट्टी तळाशी पडून राहिली.